एक टक म्हणजे हो

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. चौकोनी, निळा, झाकणावर होडीचं चित्र. होडीचं शीड आता खरवडून गेलंय आणि मधोमध एक खोलगट पोचा पडलाय. त्या पोच्याला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. त्याची गोष्ट सांगायलाच तर आज तोंड उघडलंय.

आधीच सांगून ठेवतो, मला सगळ्यांच्या चौकशा. कोण आलं, कशाला आलं, घरी कोण कोण असतं, सुनेचं पटतं का. डब्याला काय करायच्यात नसत्या उठाठेवी, असं तुम्ही म्हणाल. पण फळीवर नुसतं बसून राहायचं तर माणसाने, म्हणजे डब्याने, दुसरं करायचं तरी काय?

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, रंगवला आणि पोटात बिस्किटं भरली. ती कुणीतरी पाहुण्यांनी एका घरी नेली आणि दोन दिवसांत संपली. रिकामा डबा फेकायला बायकांचा जीव धजत नाही, म्हणून मी वाचलो. त्या घरातल्या काकूंनी मला पुसून नवऱ्याच्या हातात दिलं. "अहो, खिळे ठेवायला होईल." तसा मी दुकानात आलो.

दुकान होतं फोटोंना चौकटी करून देण्याचं. मालकांना सगळा रस्ता चौकटकाका म्हणायचा. बायकोसुद्धा बाहेर त्यांच्याबद्दल बोलताना "आमचे चौकटकाका" म्हणायची आणि मग स्वतःच हसायची. दुकान एवढंसं. एका भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला काचांची चळत, मध्ये कापायचं टेबल, कोपऱ्यात गिऱ्हाइकाला बसायला स्टूल. काका काचेवर हिऱ्याची कलम फिरवायचे आणि हलकेच दाबायचे, की काच बरोबर रेघेवर तुटायची. पट्टीचे कोपरे असे जुळवायचे की मध्ये नखसुद्धा जाणार नाही. हाताला गुण होता, हे मान्यच करायला हवं.

पण एक खोड होती. फोटोवर नाव लिहायचं नाही. "पाठीवर लिहिलं की शाई पुढे उमटते," म्हणायचे. ते खरंही होतं. पण मग चिठ्ठी लावाल की नाही? तीही नाही. "मी चेहरा विसरत नाही," एवढंच उत्तर. आणि खरोखर विसरायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचा फोटो यांच्या हातात. लोक तोंडात बोट घालायचे. काकांची छाती फुगायची आणि मी फळीवरून म्हणायचो, वा!

मग एका सकाळी काकांना मुतखड्याने धरलं. कळ अशी आली की टेबलाला धरून वाकडे झाले. शेजारी कपडे शिवायचं दुकान आहे, तिथल्या टेलरताईंनी हाताला धरून गाडीत घातलं. बारा दिवस काका दवाखान्यात आणि घरी. चार दिवस तर दुकान उघडलंच नाही, कारण किल्ली काकांच्या पँटच्या खिशात आणि ती पँट दवाखान्यातल्या पिशवीत. पाचव्या दिवशी काकूंनी दुकान उघडलं. समोर सदतीस फोटो आणि दारात रांग.

"माझ्या आजोबांचा फोटो द्या," एक माणूस म्हणाला.

"कसे होते दिसायला?" काकूंनी विचारलं.

"मिशा होत्या."

आता त्या सदतीस फोटोंत नऊ आजोबा होते आणि नवांनाही मिशा. काकूंनी अंदाजाने एक दिला. तो माणूसही नेमका घाईतला, कागदात गुंडाळून घेऊन गेला. अकरा दिवस त्या घरात परक्याचे आजोबा भिंतीवर होते! शेवटी सुनेच्या लक्षात आलं. म्हणाली, "हे कोण? आपल्याकडे एवढे कान कुणाचेच नाहीत." तोवर त्या परक्या आजोबांचे खरे वारस दुकानात येऊन काकूंना नाही नाही ते बोलून गेले होते. बोलले ते बोलले, वर बरीच गिऱ्हाइकं पलीकडच्या चौकातल्या दुकानाकडे वळली, ती वळलीच.

तरी आज मी त्या मुतखड्याचे आभार मानतो. तो काकांना रडवून गेला, पण जाताना एक धडा ठेवून गेला. अर्थात काका तो धडा आपणहून थोडेच शिकणार होते! त्यासाठी नर्सताईंना यावं लागलं.

नर्सताई म्हणजे नोकरीतून निवृत्त झालेल्या बाई. निरोपसमारंभाचा फोटो चौकटीत बसवायला आल्या होत्या. काकांनी मुतखड्याची गोष्ट रंगवून सांगितली, की बाई हसतील. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमचं दुकान तुमच्या डोक्यात आहे. डोकं दवाखान्यात गेलं की दुकानही जातं."

"मी काय लगेच मरतोय का?"

"मेलात तर एक वेळ सोपं आहे हो, लोक समजून घेतात. अवघड असतं ते जिवंत राहून तीन महिने पडून राहणं."

"शुभ बोला की जरा!" काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या. जेवणाचा डबा बरं का, मी नव्हे.

नर्सताई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. "रक्तगट कुठला तुमचा?" काका छताकडे बघायला लागले. "कुठल्या गोळ्या घेता?" "एक पांढरी, एक पिवळसर." "आरोग्य विमा आहे?"

"आहे बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

मग विम्याचा कागद शोधायची मोहीम निघाली. घरी कपाट पालथं घातलं, दुकानात खण उपसले. मला मात्र ठाऊक होतं! भिंतीवर नमुन्याला धबधब्याच्या चित्राची चौकट लावलेली होती. तिला पाठीमागून घालायला एक दिवस पुठ्ठा कमी पडला, तेव्हा काकांनी हाताला लागलेलं जाड पाकीट घालून खिळे मारले होते. त्या पाकिटातच कागद होता. मी सांगणार कसा? तिसऱ्या दिवशी काकांनाच आठवलं. धबधबा उतरवून खिळे काढले, तर विम्याची मुदत संपायला नऊ दिवस राहिलेले. नर्सताईंनी कपाळावर हात मारला. "सगळ्या गावाला चौकटी करून देता आणि स्वतःचा विमा धबधब्याखाली!"

त्या दिवशी माझं नशीब उघडलं. काकूंनी माझ्यातले खिळे एका बरणीत ओतले आणि मला आतून पुसून कागद घातला. बसल्या बसल्या नर्सताईंनी सांगितलं, काकूंनी लिहिलं आणि एकेक गोष्ट माझ्या पोटात गेली. दुकानाची दुसरी किल्ली; तिसरी टेलरताईंकडे, कारण मी असणार कुलपाच्या आत. गोळ्यांची नावं आणि वेळा, रक्तगट, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ येतं ते. विम्याचा कागद, नवा हप्ता भरून. डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर. काच आणि पट्ट्या कुणाकडून येतात ते. चार पैसे बाजूला, आजारपणाशिवाय हात लावायचा नाही अशा ताकिदीने. आणि एक कागद नर्सताईंनी स्वतःच्या हाताने लिहिला: तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. घड्याळात किती वाजले ते बघायचं आणि थेट मोठ्या दवाखान्यात.

झाकणावर चिठ्ठी काय लावायची यावर घरात रामायण झालं. काकांनी लिहिलं, "मी नसलो तर." काकूंनी ती फाडली. त्यांनी लिहिलं, "अडचण." काका म्हणाले, हे अडगळीच्या कपाटाला लिहितात. शेवटी टेलरताईंनी खडूने माझ्या कडेला लिहिलं, "काका पडून असतील तेव्हा." ते सगळ्यांना पटलं.

फोटोंसाठी पाकिटं आली. फोटो आत घालायच्या आधीच पाकिटावर नाव आणि आकडा लिहायचा, तोच आकडा चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्यायचा. फोटोला शाई लागायचा प्रश्नच नाही. काकांनी महिनाभर तोंड पाडलं. "मी चेहरा विसरत नाही." काकू म्हणायच्या, "तुम्ही नाही हो विसरत. आम्ही काय करायचं?"

टेलरताईंशी करार झाला. काका आजारी पडले तर त्यांनी काकूंना दुकान उघडून द्यायचं आणि मापं घ्यायची. टेलरताई आजारी पडल्या तर काकांनी त्यांचे शिवून झालेले कपडे ज्याचे त्याला द्यायचे. "ब्लाउज कुणाचा ते ओळखाल ना?" ताईंनी विचारलं. काका लाजले आणि म्हणाले, "तुम्हीही पाकिटं करा."

आणि मग निघाली तालीम. ही टेलरताईंची कल्पना. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासभर काकांनी आजारी असायचं. म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि काही बोलायचं नाही. काकूंनी दुकान चालवायचं. काका कसले गप्प बसतात! पहिल्याच सोमवारी दहा मिनिटांत सात वेळा बोलले. "ती पट्टी नको," "अगं, उलटी धरलीस." मग टेलरताईंनी तांब्या आणला आणि काकांच्या तोंडात पाण्याची गुळणी धरायला लावली.

काय सांगू तुम्हाला, काकांचे गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले आणि समोर काकू चुकीचा पुठ्ठा कापताहेत! दोनदा तर हसू येऊन पाणी गिऱ्हाइकाच्या अंगावर उडालं. काकूंना काही अडलंच तर विचारायची सोय हवी, म्हणून काकांनी मला मांडीवर घेतलं आणि खुणा ठरवल्या. डब्यावर एकदा टक म्हणजे हो. टक टक म्हणजे नाही.

"ही तपकिरी पट्टी?" टक टक. "काळी?" टक. "तुम्हाला अक्कल आहे का?" टक. "मला?" यावर काका बराच वेळ विचार करायचे, मग हळूच, टक.

सहा सोमवार असे गेले. सहाव्या सोमवारी काकूंनी काच सरळ कापली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या बेताला एक गृहस्थ आले. बसचे जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना ड्रायव्हरदादा म्हणतात. बायको दोन महिन्यांपूर्वी गेलेली. पिशवीतून त्यांनी एक फोटो काढला. वर्षानुवर्षं गुंडाळी करून ठेवल्यामुळे तो नळीसारखा वळलेला. "हा एकच आहे हसतानाचा," म्हणाले. "बाकी सगळ्यांत तिने डोळे मिटलेत."

वळलेला फोटो चौकटीत बसत नाही, ओढला तर भेगा पडतात. "उद्या या, पाकीट आणि चिठ्ठी उद्याच करू," असं म्हणून काकांनी त्यांना वाटेला लावलं. मग दोन टिपकागद घेतले, जरासे ओलसर केले, त्यांच्यामध्ये फोटो ठेवला आणि काचांच्या चळतीखाली दाबला. "सकाळी काढतो. जास्त ठेवला तर टिपकागदाला चिकटायचा," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी दिवा मालवला. एवढा एकच फोटो बिनपाकिटाचा राहिला. मी फळीवरून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका काच कापत होते. कलम हातातून गळाली. उचलायला गेले, पण हात उचलला जाईना. तेवढ्यात टेलरताई सुटे पैसे मागायला आल्या. काका काहीतरी बोलले, ते शब्द नव्हतेच.

ताई हसल्या. "अहो काका, आज सोमवार नाही! गुळणी कशाला?"

आणि मग त्यांनी नीट पाहिलं. काकांच्या ओठांच्या एका कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि तो कोपरा खाली उतरला होता.

ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी घड्याळ बघितलं, दहा वाजून दहा मिनिटं. मला फळीवरून ओढलं आणि झाकण काढलं. कागद वर होता, नंबर वर होता, किल्ली वर होती. एका हाताने काकांना धरून दुसऱ्या हाताने फोन लावला. पाऊण तासाच्या आत काका मोठ्या दवाखान्यात होते आणि मी ताईंच्या काखेत. डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? ताईंनी मिनिटासकट सांगितलं. कुठल्या गोळ्या? कागद पुढे केला. डॉक्टर वाचता वाचता म्हणाले, "असे कागद घेऊन सगळे आले असते तर!" मला गहिवरून आलं. पत्र्याला जेवढं येतं तेवढं.

काका वाचले. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

दुकान मात्र एकच दिवस बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: "काका बरे होत आहेत. तुमचे फोटो सुखरूप आहेत. दुकान दुपारी चार ते सात." लोक चिठ्ठ्या घेऊन आले, काकूंनी आकडा बघून फोटो दिले. एकाही घरात परके आजोबा गेले नाहीत.

फक्त ड्रायव्हरदादा. त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती, त्यांच्या नावाचं पाकीट नव्हतं. काकूंनी सगळा खण दोनदा उपसला. दादा एक शब्द वाकडा बोलले नाहीत. "सापडेल, काकू," एवढंच म्हणायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. शिव्या दिल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. हे मला टेलरताई दवाखान्यात फोनवर कुणाला तरी सांगत होत्या तेव्हा कळलं, कारण मी काकांच्या उशाशी होतो. आणि मला एकट्यालाच ठाऊक होतं की फोटो ओलसर कागदात आहे आणि त्याला चिकटत चाललाय. छे, एकट्याला कसं? काकांनाही ठाऊक होतं. आम्ही दोघं मुके, एकमेकांकडे बघत.

चौथ्या दिवशी दुपारी काका फार अस्वस्थ झाले. घशातून आवाज काढायचे, डावा हात आपटायचे. काकू वाकून म्हणाल्या, "अहो, काय होतंय? पाणी हवंय?" काकांनी डोळे मिटले. मग तो डावा हात चाचपडत चाचपडत माझ्यापर्यंत आला. बोटाचं पेर माझ्या झाकणावर आपटलं.

टक टक.

काकू थबकल्या. "काय?" मग हळूच, भीत भीत, "दुखतंय का?"

टक टक.

काकू खाटेच्या कडेला टेकल्या. डोळ्यांना धार लागलेली, पण आवाज तालमीतला झाला. "दुकानाचं काही?"

टक.

"फोटो?" टक. "ड्रायव्हरदादांचा?"

काकांनी असा जोरात ठोसा मारला की माझ्या होडीचं शीड आत गेलं आणि शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ दचकून उठले. तोच हा पोचा.

"खणात?" टक टक. "कपाटात?" टक टक. "मग काय धबधब्यामागे?" टक टक, आणि वर काकांनी एक डोळा असा वटारला की काकूंना रडता रडता हसू फुटलं. "टेबलाखाली? पट्ट्यांमागे?" टक टक, टक टक. "काचांच्यात?"

टक.

"वर?" टक टक. "खाली? सगळ्यांत खाली?"

टक. आणि काकांनी हात सोडून दिला.

काकूंनी तिथूनच टेलरताईंना फोन लावला. ताईंनी एकेक काच उचलून बाजूला ठेवली. फोटो सपाट झाला होता. एक कोपरा टिपकागदाला चिकटला होता, नखाएवढा. तो तेवढाच गेला. काकूंनी पट्टी निवडली, काच कापली, कोपरे जुळवले आणि तो गेलेला तुकडा बरोबर पट्टीच्या आड घेतला. तालमीचा तास संपला की काका त्यांना कितीदा हेच सांगायचे, की पट्टी पुष्कळ काही पोटात घेते.

ड्रायव्हरदादांनी चौकट दोन्ही हातांत धरली. बाहीने काच पुसली. मग म्हणाले, "हिला हसताना बघितलंत ना? आता तुम्हीपण साक्षीदार." ही हकीकत मला काकूंनी स्वतः सांगितली. म्हणजे काकांना सांगितली, मी मध्येच होतो.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. काकांचं बोलणं परतलंय, पण शब्द मोजून मापून येतात. दोन महिन्यांनी पहिला शब्द फुटला तो "अगं". काकू म्हणाल्या, "एवढ्या मेहनतीने बोललात, तर नाव तरी घ्यायचं." उजव्या हातात अजून जोर नाही, काच आता काकूच कापतात. काका स्टुलावर बसून चुका काढतात आणि आता त्यांना गुळणी धरायला कुणी सांगत नाही. दुकान पूर्वीएवढं चालत नाही, पण चालतं. काल टेलरताईंना ताप होता, तर काकांनी त्यांची पाकिटं बघून चौघींचे ब्लाउज बिनचूक दिले आणि दिवसभर त्याचीच फुशारकी मारली.

मी परत फळीवर आलोय. कडेने गंज धरायला लागलाय, टेलरताईंचा खडू पुसट झालाय. आयुष्यात बिस्किटं सांभाळली, खिळे सांभाळले, पण काकांची वाचा सांभाळायला मिळाली, यापेक्षा डब्याला आणखी काय हवं? नर्सताईंचे उपकार आहेत. टेलरताईंचे आहेत. रिकामा डबा फेकून न देणाऱ्या काकूंचे तर फारच.

आता जाता जाता नसती चौकशी करतो, राग मानू नका. तुमचंही एखादं छोटं दुकान असेल, गिरणी असेल, शिकवणी असेल. तुम्ही चार महिने पडून राहिलात तर ते कोण उघडेल? किल्ली कुठे आहे? कुणाला काय ठाऊक आहे? मन वाईट करून घेऊ नका, अशुभ काही नाही यात. घरात एखादा रिकामा डबा असेलच. तो पुसा आणि आजच भरायला घ्या.

घ्याल ना? तोंडाने बोलायचीही गरज नाही. शेजारच्या टेबलावर बोटाने एकदा वाजवा. मला कळेल.